चिंचेने घासलेलं रिव्हॉल्व्हर

मी घरमालकांना काका म्हणायचो. "मी तुझा कुणी लागत नाही," याची आठवण ते मला आठवड्यातून एकदा तरी करून द्यायचे. पण 'मिस्टर' म्हटलं की चिडायचे, आणि नुसतं 'अहो' म्हटलं की "अहो काय, बायको आहेस का माझी?" असं विचारायचे. त्यामुळे काकाच राहिलं.

पश्चिम सिडनीत, टूनगॅबीला त्यांच्या घरामागे अंगणात एका खोलीचा ग्रॅनी फ्लॅट होता. तो मी भाड्याने घेतला तेव्हा सिडनीतला पहिला लॉकडाऊन नुकताच संपला होता आणि माझा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहू देण्याचा अर्ज कुठल्या तरी सरकारी कॉम्प्युटरमध्ये झोपला होता. काकांची पंच्याहत्तरी उलटलेली. मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात फिटर म्हणून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच कारखान्यात लेथवर उभे राहिले. अंगात अजूनही कारखान्याचा निळा डगला, कानावर पेन्सिल आणि खिशात भिंग. त्या भिंगातून ते विजेचं बिल बघायचे, तशी कोथिंबिरीची जुडीही बघायचे. माझा पासपोर्ट त्यांनी त्यातूनच पाहिला होता. फोटोवर बराच वेळ थांबून म्हणाले होते, "इथं तू बरा दिसतोस. हाच तू कशावरून?"

 

त्यांचा संशय कुणा एका माणसावर नसायचा. तो हवेसारखा सगळीकडे असायचा. दुधाच्या बाटलीवर ते पेन्सिलीने रेघ मारून ठेवत. त्या घरात ते एकटेच राहत होते, तरी. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "रात्री झोपेत मीच पितो की काय, ते बघायचंय." साथीत तर त्यांना सगळं जग आपल्या बाजूला आल्यासारखं वाटायला लागलं. जे ते चाळीस वर्षं करत होते, ते आता सरकार टीव्हीवरून करायला सांगत होतं. इंडियन ग्रोसरीतून आणलेली तूरडाळ व्हरांड्यात तीन दिवस वेगळी बसायची आणि प्रत्येक पाकिटावर आत घ्यायची तारीख असायची. लस घेताना त्यांनी नर्सकडून कुपी मागून घेतली आणि भिंगातून वाचली. समोरच्या घरातल्या माणसाने नवी गाडी घेतली, तर हे आठवडाभर पडद्याआडून हिशेब लावत बसले. "हसून बोलणाऱ्याच्या हाताकडे बघावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं म्हणजे, "कुलूप चोरासाठी नसतं रे, पाहुण्यासाठी असतं." ते म्हणताना ते पाहुण्याकडेच बघत असत. पाहुणा मी.

दुसरा, लांबलेला लॉकडाऊन लागला तेव्हा पश्चिम सिडनीवर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. ते आलं की काका अंगणातून पळत गॅरेजमध्ये जायचे.

"माझ्यासाठीच फिरायलंय ते," ते म्हणायचे.

मी मनात म्हणायचो, संपलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. शिवाय त्या गॅरेजला दोन कुलपं होती. आतून कधी कधी "आज तुला खोटा पाडतोच," असं दातओठ खात बोलल्याचं ऐकू यायचं, आणि आत दुसरा माणूस गेलेला मी कधी पाहिला नव्हता. मी माझ्या दाराची कडी रोज दोनदा तपासायला लागलो. संशयाचीही लागण होते, त्यावर लस नाही.

एका दुपारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. दार आतून लावलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा बाकावर ठेवला आणि म्हणाले, "तुला ईमेल करता येतो ना?"

ईमेल करता येणाऱ्या माणसाला दार लावून का विचारतात, याचा विचार करेपर्यंत त्यांनी डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर होतं.

मी भिंतीला टेकलो.

"घाबरतोस काय? रिकामं आहे. बघ." त्यांनी चक्र बाहेर काढलं आणि उजेडाकडे धरून एकेका भोकातून माझ्याकडे पाहिलं. सहाही भोकांतून पाहून झालं. मला त्यातून त्यांचा फक्त एक डोळा दिसत होता, आणि तो अजिबात रिकामा नव्हता.

ते रिव्हॉल्व्हर काकांच्या सासऱ्याचं. काकू ऑस्ट्रेलियन होत्या, साथीच्या आदल्या वर्षी गेल्या. त्यांचे वडील महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात लढले होते आणि येताना हे घेऊन आले होते. एका इटालियन अधिकाऱ्याच्या हातातून हिसकावून घेतलं, असं ते सांगत. ते गेल्यावर डबा काकूंकडे आला. काकू हीच गोष्ट ऐकत वाढल्या, आणि काका-काकूंची मुलगीही. ती आता पर्थला असते. साथीमुळे राज्याराज्यांमधल्या सीमा बंद, त्यामुळे आई गेल्यापासून बापलेकींची नीट भेट नव्हती. रिव्हॉल्व्हर तिला हवं होतं. ते काय आहे, किती मोलाचं आहे, कायद्यात बसतं का, सगळं रीतसर काढून घ्या म्हणून ती फोनवर मागे लागली होती.

"हिसकावलं म्हणे!" काका म्हणाले. "अरे, तो माणूस कोंबडीच्या चोचीतनं दाणा हिसकावणारा नव्हता. थापा. एक नंबरचा खोटारडा. माझ्याबद्दल काय म्हणायचा ठाऊक आहे? यानं पासपोर्टसाठी माझी पोरगी केली. पंचेचाळीस वर्षं संसार केला मी पासपोर्टसाठी! आता हे तपासून घ्यायचं, इटालियन नाही असं कागदावर आणायचं, आणि पोरीला सांगायचं, बघ, खोटं कोण बोलत होतं ते. मरायच्या आधी एवढं एक काम आहे माझं."

गॅरेजमध्ये ते कोणाला दम देत होते, ते तेव्हा कळलं. मेलेल्या सासऱ्याला.

ओळख पटवायची तर लोखंडावरचे शिक्के वाचायला हवेत. आणि शिक्के दिसतच नव्हते. कारण काका दरवर्षी खंडेनवमीला आपले पाने, कानशी आणि मायक्रोमीटर पाटावर मांडत, आणि त्यांच्या शेजारी हेही ठेवत. सासऱ्यावर राग, पण शस्त्राने काय पाप केलंय? तेलाचा हात, हळद, कुंकू, अक्षता. चाळीसेक नवम्यांचं ते पूजन लोखंडावर लाखेसारखं घट्ट बसलं होतं. कुठल्याही इटालियन अधिकाऱ्याने ते पाहिलं असतं, तर ओळखण्याऐवजी नमस्कार केला असता.

आता माझा पराक्रम ऐका. पीआरचा अर्ज आत, त्यात 'चारित्र्य' नावाचा रकाना, आणि घरमालकाकडे बिननोंदणीचं रिव्हॉल्व्हर. शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी 'जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर कसं ओळखावं' हे शोधलं, ते ऑफिसच्या लॅपटॉपवर. दहा मिनिटांनी चूक कळल्यावर 'ऑफिसच्या लॅपटॉपवरचा शोध कसा पुसावा' हेही त्याच लॅपटॉपवर शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा मेसेज आला, 'दोन मिनिटं बोलू या?' मी शर्टाला इस्त्री केली. अटक होताना बरं दिसावं म्हणून. त्याला एवढंच विचारायचं होतं, की मी टाइमशीट भरली का.

शेवटी एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्या बाईंचा पत्ता लागला. फोनवर त्या शांतपणे म्हणाल्या, की हत्यार आपणहून आणून दिलंत तर सूट आहे, कोणी काही विचारत नाही. दुकान सध्या बंद आहे, उघडलं की घेऊन या. तोवर शिक्क्यांचे फोटो पाठवा. सूचना ईमेल करते.

ईमेल आला. आम्ही आयटीवाले ईमेलची पहिली ओळ वाचतो. पहिली ओळ होती, 'सर्व खुणा स्पष्ट दिसतील असे फोटो काढा.'

काकांनी फोटोसाठी रिव्हॉल्व्हर मला अर्धा तास दिलं. आधी कागदावर सही घेतली, मग घड्याळ लावलं. मी फ्लॅटमध्ये गेलो, टेबलावर ठेवलं, आणि आरोग्य खात्याचा फोन आला. मी ज्या दुकानातून पोहे आणले होते, तिथे कोणीतरी पॉझिटिव्ह निघालं होतं. मी क्लोज कॉन्टॅक्ट. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही.

खिडकीतून काकांना सांगितलं. ते चार पावलं मागे गेले.

"आणि ते?" त्यांनी विचारलं.

"इथंच आहे. दारात ठेवू?"

"हात लावलायस ना? मग राहू दे आत. तू आणि ते, दोघं बसा चौदा दिवस. डाळीला तीन दिवस लावतो मी. बंदुकीला सवलत कशाला देऊ?"

अशा रीतीने मी एका रिव्हॉल्व्हरसोबत क्वारंटाइन झालो. चौदा दिवस, एक खोली, एक माणूस, एक हत्यार. पाचव्या दिवशी मला वाटलं, काही तरी उपयोगी करावं. इकडे निघताना आईने दिलेली चिंच होती. तांब्याची लोटी आई चिंच-मिठाने घासायची, ती कशी लखलखायची! मी चिंच कोळली, मीठ घातलं, रिव्हॉल्व्हर परातीत घेतलं आणि घासायला बसलो. कुंकू सुटलं, तेल सुटलं. मग खालचा काळपटपणाही सुटायला लागला. मला वाटलं, मळ आहे. मी आणखी जोर लावला.

तेवढ्यात दार वाजलं. खिडकीतून पाहिलं तर बाहेर एक पोलीस आणि दोन सैनिक. हिरव्या-तपकिरी गणवेशातले, खरे, जिवंत सैनिक. क्वारंटाइनमधली माणसं घरात आहेत ना, हे बघायला त्या दिवसांत ते पोलिसांबरोबर फिरायचे, हे मला ठाऊक होतं. पण परातीत रिव्हॉल्व्हर असताना माणसाला जे ठाऊक असतं ते आठवत नाही. मी ते उचललं, प्रेशर कुकरमध्ये टाकलं, झाकण लावलं, आणि साहजिक दिसावं म्हणून गॅस पेटवला.

दार उघडलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते.

"ऑल गुड, मेट?" पोलीस म्हणाला.

"टॅमरिंड," मी म्हणालो. त्याने विचारलं नव्हतं.

नाव, जन्मतारीख, खायला पुरेसं आहे का, एकटं वाटतं का. मी म्हणालो, एकटं मुळीच नाही वाटत. धाकटा सैनिक नाक वर करून म्हणाला, "काहीतरी भारी शिजतंय." मागे बिनपाण्याच्या कुकरमधून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला होता. "डाळ," मी म्हणालो. "फार कडक आहे." तिघांनी 'नो वरीज' म्हणून निरोप घेतला. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसलो.

मान वर केली तर समोरच्या खिडकीत काका. पडदा बाजूला, भिंग डोळ्याला.

"तूच बोलावलंस!" ते ओरडले. "पीआरसाठी मला विकलंस!"

नंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही त्यांना रिव्हॉल्व्हर कुकरमध्ये होतं, हे सांगितलं नाही. चौदाव्या दिवशी परत दिलं तेव्हा त्यांनी ते उजेडात धरलं. ते चांदीच्या अत्तरदाणीसारखं चमकत होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुधाच्या बाटलीवरच्या रेघेकडे पाहतात. शिक्क्यांवर त्यांनी भिंग फिरवलं खरं, पण त्या चिन्हांचा अर्थ आम्हाला दोघांनाही लागेना. त्या रात्री मी बाईंचा ईमेल पूर्ण वाचला. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती, 'कोणत्याही परिस्थितीत स्वच्छ करू नका.' मग फोटो पाठवायचं धाडसच झालं नाही.

लॉकडाऊन उठला आणि दुकानं उघडली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे फडक्यात गुंडाळून, डिकीत कुलूप लावून आम्ही थेट त्यांच्याकडे गेलो. मी गाडी चालवत होतो, काका मागे येणाऱ्या गाड्यांचे नंबर पेन्सिलीने लिहून घेत होते. दुकान म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतली एक शेड. बाई साठीच्या, आखूड पांढरे केस, मास्कवर चष्मा. त्यांनी हातमोजे घातले, फडकं उलगडलं आणि डोळे मिटून घेतले.

"हे कोणी केलं?"

काकांनी बोट दाखवलं. कधी नव्हे ते त्यांना संशय घेण्याची गरज नव्हती.

"कशाने?"

"टॅमरिंड अँड सॉल्ट," मी म्हणालो.

"टॅमा... काय?"

"आम्ही भांडी घासतो त्याने."

"हे भांडं नाही, डार्लिंग." बाईंनी समजावलं, की जुन्या हत्याराची किंमत त्याच्या मूळ काळ्या-निळ्या मुलाम्यात असते. तो असता तर शौकीन लोकांनी बरे पैसे दिले असते. आता ते नुसतं लोखंड आहे, तेही मीठ लागल्यामुळे गंजायला लागलेलं. "एक बरं आहे," त्या म्हणाल्या, "शिक्के मात्र मी आजवर इतके स्वच्छ पाहिलेले नाहीत."

त्यांनी भिंग काढलं. काकांनीही काढलं. लोखंडावर दोन भिंगं शेजारी शेजारी फिरायला लागली.

"इटालियन नाही," बाई म्हणाल्या. "इंग्लंडचं. सरकारी. गाड्या भरभरून बनवायचे असले."

काकांनी काउंटरवर थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं? खोटारडा! पंचेचाळीस वर्षं!" ते मला मिठीच मारणार होते, मग दीड मीटरचं अंतर आठवलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मास्कच्या वर डोळे नुसते नाचत होते. "कागदावर द्या," ते बाईंना म्हणाले. "सही करून द्या."

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून एक आहे. इथे, चौकटीवर. बाणाचं टोक, आणि त्याच्या खाली इंग्रजी आय."

"म्हणजे?"

"ज्या फौजेच्या भांडारात जायचं, तिचा शिक्का. बाणाखाली आय म्हणजे इंडिया. हे तुमच्या लोकांचं आहे, लव्ह. इंडियन आर्मीतल्या कोणाच्या तरी कमरेला होतं."

काकांचं भिंग जिथे होतं तिथेच राहिलं.

"मग सासऱ्याकडे कसं आलं? आफ्रिकेत होता तो लढाईत."

बाईंनी खांदे उडवले. "त्या वाळवंटात तुमची आणि आमची, दोन्ही फौजा शेजारी शेजारी होत्या. अदलाबदल केली असेल. उसनं घेऊन दिलं नसेल. मेलेल्या माणसाचं उचललं असेल. कोणी प्रेमाने दिलंही असेल. लोखंड तेवढं सांगत नाही."

काका भिंतीशी असलेल्या खुर्चीत बसले. फॉर्म मीच भरला. मुलीने तिकडे परवाना काढला तर तिला पाठवता येईल, नाहीतर सरकारजमा होऊन वितळवलं जाईल. काकांनी न वाचता सही केली. मी दचकलो. हा माणूस ब्रेडच्या पाकिटावरचं बारीक अक्षरही वाचल्याशिवाय ब्रेड खात नसे.

गाडीत येऊन बसलो. मग काका समोर बघत बोलायला लागले.

"पहिल्यांदा मी त्यांच्या घरी जेवायला गेलो ना, तिला मागणी घालायला, तेव्हा म्हाताऱ्यानं विचारलं, इंडियात कुठला? म्हटलं, मिरज. पुण्याच्या खाली. म्हणाला, तुमच्याकडचे कोणी लढाईत होते का? म्हटलं, आमच्या बाजूचे पुष्कळ गेले होते. आफ्रिकेलाही गेले होते. काही आलेच नाहीत परत. तसा तो ताटावरनं उठला. मागच्या अंगणात गेला आणि मी निघेपर्यंत आत आला नाही. जेवण तसंच."

"मग?"

"मग काय. मला वाटलं, काळा जावई नको म्हणून उठला. दुसरं काय वाटणार?"

त्यांचा फोन वाजला. पर्थची मुलगी. त्यांना फोन कानाला लावणं पटत नसे, म्हणून स्पीकरवर.

"डॅड? सो? वॉज इट द इटालियन्स?"

मी दार उघडून बाहेर पडायला लागलो. हा क्षण त्यांचा होता, पंचेचाळीस वर्षं वाट बघितलेला. त्यांनी माझी बाही धरून मला बसवलं.

"नो," काका म्हणाले. "नॉट इटालियन."

पलीकडचा आवाज एकदम लहान झाला. "सो ग्रँडपा लाइड टू मम? ऑल दोज इयर्स?"

काकांनी मास्क हनुवटीवर ओढला.

"ही वॉज अ शाय मॅन, युवर ग्रँडपा," ते म्हणाले. "अ‍ॅन इंडियन ऑफिसर गेव्ह इट टू हिम. प्रेझेंट. फ्रेंड होता. देन द फ्रेंड डाइड देअर. त्याचं नाव काढलं की रडू येत असणार. सो ही सेड इटालियन."

"इंडियन? रिअली? द लेडी टोल्ड यू दॅट?"

"लेडी सेड इंडियन आर्मी. स्टॅम्प आहे. यू कॅन आस्क हर."

पलीकडे ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "ओह डॅड. मम वुड हॅव लव्हड दॅट." मग ती म्हणाली, सीमा उघडली की येते. फोन बंद झाला.

तोंड बंद ठेवायची अक्कल मला कधीच नव्हती.

"काका, मैत्रीचं बाई काही म्हणाल्या नाहीत."

"ठाऊक आहे."

"मेलेल्या शिपायाच्या कमरेचं काढलं असेल तर?"

"असेल की."

"चोरलं असेल तर?"

"असेल की. मी कुठं नाही म्हणतोय?" ते पट्टा ओढून घेत म्हणाले. "पण ताटावरनं उठला होता रे तो. पंचेचाळीस वर्षं मी त्याचा एकच अर्थ लावून बसलो होतो. आता दुसरा लावून बघतो. बसला तर बसला."